जुना टीव्ही आवाज करतो तेव्हा: आधी कान, मग स्क्रू-ड्रायव्हर

पुण्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. गुहागरकडच्या घरातून त्यांनी वडिलांचा २० इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. लाकडी पेटी, पुढे सरकणारं शटर, बहुधा १९८५च्या आसपासचा. बावीस वर्षं तो चादरीखाली बंद होता. एक दिवस धीर करून त्यांनी तो लावला. सेट-टॉप बॉक्स मॉड्युलेटरमधून, म्हणजे बॉक्सचं चित्र आणि आवाज अँटेनाच्या लहरीत बदलणाऱ्या डबीतून, जोडला आणि चित्र चक्क आलं! पण आवाज भलतेच येतात. चालू करताना अर्धा मिनिट तडतड होते. नंतर सतत घरघर चालू राहते, व्हॉल्युम पूर्ण कमी केला तरी थांबत नाही, आणि पडद्यावर मोठी पांढरी अक्षरं आली की वाढते. बारा वर्षांच्या मुलीला एक बारीक शिट्टी ऐकू येते, त्यांना स्वतःला नाही. बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं आतून टक्‌-टक्‌ होत राहतं. त्यांनी विचारलंय, हा टीव्ही वाचेल का, आणि घरच्या घरी काय बघता येईल?

वाचेल. चित्र आलंय म्हणजे पिक्चर ट्यूब जिवंत आहे, लाइन आउटपुट, म्हणजे पडद्यावर रेषा आखणारा आणि ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा टप्पा, चालतंय. अशा सेटमध्ये जी वस्तू पैसे देऊनही सहज मिळत नाही ती शाबूत आहे. पण मेकॅनिकने तपासेपर्यंत कृपा करून तो पुन्हा चालू करू नका. का ते पुढे येईलच.

मी १९८४ पासून चिपळूणला टीव्ही दुरुस्त करतो आहे. त्या सुमारास देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहत होती आणि कोकणातल्या घरांवर अँटेना दिसू लागल्या होत्या. तेव्हा आमच्याकडे ऑसिलोस्कोप नव्हता. एक मल्टिमीटर, एक सिरीज लॅम्प (सेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडायचा बल्ब), आणि कान. गिऱ्हाईक सेट घेऊन आलं की माझे उस्ताद त्याला पाठीमागचं झाकण काढू देत नसत. म्हणायचे, आधी त्याचं ऐकून घे. तेव्हापासून मी एकच शिस्त पाळतो. आवाजाला नाव देण्याआधी त्याचा पत्ता शोधायचा: कुठून येतो, कधी येतो, आणि कशाने बदलतो. एवढं नीट कळलं तर अर्धी दुरुस्ती झाकण न काढता होते. तुमच्या पत्रात तुम्ही ‘घरघर’ असा एकच शब्द वापरलाय, पण मला त्यात दोन वेगळे आवाज दिसतात, आणि त्यांची कारणं एकमेकांपासून फार लांब आहेत.

आधी जिवाचं बोलू, कारण यात तडजोड नाही.

या काळातल्या बऱ्याच सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली २३० व्होल्टची वीज सरळ डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, आत जाते आणि चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनशी जोडलेलं असतं. आम्ही त्याला ‘चेसिस गरम आहे’ म्हणतो. प्लग उलटा लागला तर आतल्या पत्र्यावर पूर्ण फेज येते. बटणाची प्लॅस्टिकची मूठ निघून नुसता धातूचा दांडा उरला असेल तर त्यालाही हात लावू नका. आणि आवाज ‘चांगला’ यावा म्हणून स्पीकरच्या तारा बाहेर काढून हेडफोनला किंवा म्युझिक सिस्टीमला जोडणं तर अजिबात नको. असं केल्याने सिस्टीम जळाल्याची उदाहरणं माझ्या टेबलावर आली आहेत, आणि जळालेली सिस्टीम म्हणजे थोडक्यात निभावलं असंच समजायचं.

दुसरी गोष्ट ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचं उच्च व्होल्टेज. २० इंची ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पिक्चर ट्यूबला साधारण १५ ते १८ हजार व्होल्ट लागतात, रंगीत सेटमध्ये २० ते २५ हजार. ट्यूब स्वतः काचेचा एक मोठा कपॅसिटरच, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भागच, असते. प्लग काढून दोन दिवस झाले तरी तिच्यात चार्ज राहू शकतो. तो धक्का बसल्यावर माणूस हात झटकतो, आणि झटकलेला हात ट्यूबच्या मानेवर आपटला तर मान तुटते. म्हणून ज्याने हे काम कधी केलेलं नाही त्याने झाकण उघडू नये. पुढे मी काही ठिकाणी आतलं काम सांगणार आहे. ते तुमच्या गावातल्या मेकॅनिकला वाचून दाखवा, किंवा त्याच्या शेजारी बसून करा.

आता पत्ता शोधूया. यातल्या चालू सेटच्या कसोट्या मेकॅनिकने सेट सुरू करून दिल्यावरच करायच्या. पहिली कसोटी अगदी सोपी: व्हॉल्युम शून्यावर आणा. आवाज गेला तर तो स्पीकरमधून येत होता आणि व्हॉल्युम कंट्रोलच्या आधी कुठेतरी जन्मला होता. राहिला तर दोन शक्यता उरतात. एकतर तो व्हॉल्युम कंट्रोलच्या नंतर, म्हणजे आउटपुटमध्ये जन्मतोय, किंवा तो स्पीकरचा नाहीच, पेटीतून येतोय. हे ठरवायला मी एक साधी प्लॅस्टिकची नळी वापरतो, मासे पाळणारे हवेच्या पंपाला लावतात तशी, हातभर लांब. एक टोक कानाशी, दुसरं टोक बंद झाकणाच्या जाळीबाहेर फिरवायचं. आवाज स्पीकरशी मोठा होतो का मागे उजवीकडे लाइन ट्रान्सफॉर्मरजवळ (ट्यूबचं उच्च व्होल्टेज तयार करणारा तो), लगेच समजतं. नळी जाळीच्या आत घालायची नाही. आणि स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकायची मोटार गॅरेजमधली युक्ती इथे विसरून जा.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. टीव्हीचा म्हणून जो आवाज वाटतो तो पुष्कळदा स्टॅबिलायझरचा असतो. जुन्या स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झाल्या की तो मधमाशीसारखा गुणगुणतो, आणि व्होल्टेज वरखाली झालं की रिले टक्‌ करतो. टक्‌ झालं त्याच क्षणी चित्र जरा आकसलं किंवा फुगलं तर तो टीव्ही नव्हेच. स्टॅबिलायझर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला की खात्री पटते.

तुमची घरघर. तिचा पहिला भाग म्हणजे व्हॉल्युम शून्यावरही राहणारा जाड ‘हूंऽऽ’. हा मेनचा आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. सेटमध्ये एकच डायोड असेल तर गाळणीतून, म्हणजे फिल्टर कपॅसिटरमधून, सुटलेला आवाज ५० हर्ट्‌झचा, अगदी खोल, कानापेक्षा छातीत जाणवणारा. ब्रिज, म्हणजे चार डायोडची जोडणी, असेल तर १०० हर्ट्‌झचा, वरच्या सप्तकातला तोच स्वर. चित्रही साक्ष देतं. पडद्यावर एक आडवा सावलीचा पट्टा अगदी सावकाश वर किंवा खाली सरकत असेल तर ५०, दोन असतील तर १००. त्याबरोबर खांबासारख्या उभ्या रेषा कमरेत वाकलेल्या दिसतात. पट्टा नाही, चित्र स्वच्छ आहे आणि फक्त आवाजात हूं आहे, असं असेल तर मुख्य पुरवठा ठीक आहे आणि फक्त ऑडिओ आउटपुटला वीज देणाऱ्या शाखेतला कपॅसिटर गेलाय. त्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये आवाजाला टीबीए ८१० किंवा त्याचाच भारतीय भाऊ सीए ८१० हा आयसी असायचा. त्याच्या आसपासचे दोन-तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले की बहुतेक वेळा घर शांत होतं.

कारण समजून घ्या, म्हणजे मी ‘चालू करू नका’ का म्हणतोय ते कळेल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि मधल्या कागदात ओलसर रसायन. वर्षानुवर्षं वापर नसेल तर तो थर झिजतो, वापर असेल तर रसायन सुकतं. तुमच्या सेटमध्ये दोन्ही झालंय: आधी वीस वर्षांची उष्णता, मग बावीस वर्षांचा उपास. अशा कपॅसिटरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की तो आतून तापतो, फुगतो आणि कधीकधी फुटतो. सुक्या मासळीसारखा वास आला तर समजा, गळती सुरू झाली आहे. आम्ही असा सेट आधी १०० वॅटच्या साध्या तारेच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब एकदा भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, असेल तर साठ-सत्तर व्होल्टपासून सुरुवात करून दोन-तीन तासांत हळूहळू वर न्यायचं, म्हणजे झिजलेला थर पुन्हा बांधला जातो. मात्र हा उपाय फक्त साध्या पुरवठ्याच्या सेटला. एसएमपीएसच्या, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या पुरवठ्याच्या, रंगीत सेटला कमी व्होल्टेजवर रखडवलं तर उलट तो जास्त करंट ओढतो आणि त्याचा ट्रान्झिस्टर जातो.

माझं स्पष्ट मत सांगतो: चाळीस वर्षांच्या सेटमधला मुख्य फिल्टर कपॅसिटर चांगला मोजला तरी बदलून टाका. मायक्रोफॅरड मूळ आकड्याएवढे किंवा थोडे जास्त चालतील. व्होल्ट मात्र मूळ आकड्यापेक्षा कमी कधीच नको. १०५ अंश उष्णता सोसणारा घ्या आणि टोकं दोनदा तपासा, उलटा लागला तर फटाका. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे आजही मिळतात. फक्त जुना पडून राहिलेला माल ‘ओरिजिनल’ म्हणून घेऊ नका. तो तुमच्या टीव्हीइतकाच म्हातारा असतो.

याच जातीचा एक आवाज बोटीच्या इंजिनासारखा असतो, फट-फट-फट, सेकंदाला दोन-चार वेळा. आम्ही त्याला मोटरबोटिंगच म्हणतो, आणि गुहागरच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तोही सुकलेल्या कपॅसिटरचाच. आउटपुटने ओढलेल्या करंटमुळे पुरवठा दबतो, दबलेला पुरवठा मागच्या टप्प्याला हलवतो, आणि हे चक्र स्वतःच फिरत राहतं.

घरघरीचा दुसरा भाग म्हणजे पांढरी अक्षरं आली की वाढणारी ‘बर्रऽऽ’. ही मेनची नाही. दोन्ही आवाज ५० च्या घरातले म्हणून कानाला सारखे वाटतात, पण हूं गोल असतो, बर्र खरबरीत. खरी ओळख ही: हूं चित्र बदललं तरी बदलत नाही, बर्र चित्राबरोबर बदलते. जाहिरात, बातम्यांच्या पट्ट्या, क्रिकेटचा स्कोअर आला की चढते, अंधाराच्या प्रसंगात उतरते. चित्राची माहिती आवाजाच्या वाटेत घुसली आहे असा याचा अर्थ. आपल्या पद्धतीत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर असते, आणि सेट त्या दोघींच्या फरकातूनच आवाज काढतो. चित्राची लहर अतिशुभ्र जागी जवळजवळ शून्याला टेकली की तेवढ्या क्षणापुरता आवाजाचा आधारच तुटतो, आणि तो तुटण्याचा ठेका सेकंदाला ५० असल्याने बर्र ऐकू येते.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय टीव्हीवर नाही, मॉड्युलेटरवर आहे. दूरदर्शनची जुनी अँटेनावरची ॲनालॉग प्रक्षेपणं आता जवळपास सगळीकडे बंद झाली. त्यामुळे असे सेट मॉड्युलेटरवरच चालवावे लागतात, आणि स्वस्त मॉड्युलेटर पांढरा रंग मर्यादेपलीकडे ढकलतात. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत कॉन्ट्रास्ट किंवा ब्राइटनेसची सोय असेल तर ते कमी करून बघा. बर्र लगेच उतरली तर निदान झालं. मॉड्युलेटरवर बी/जी, डी/के, आय असा पर्याय असतो, तो बी/जी वर हवा. ‘आय’ वर राहिला तर आवाजाची लहर ६ मेगाहर्ट्‌झवर जाते आणि भारतीय सेटमधून शब्दांऐवजी नुसती खसखस येते. तुमचे शब्द ऐकू येतात म्हणजे ते बहुधा बरोबर आहे. हे सगळं करूनही बर्र राहिली तर सेटमधल्या साउंड आयएफची, म्हणजे आवाजाची लहर वेगळी काढणाऱ्या टप्प्याची, कॉइल हलली असेल. ती कॉइल फिरवायची म्हणजे प्लॅस्टिकच्या चावीने पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, बर्र सगळ्यात कमी होईल तिथे थांबायचं. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घातला तर आतला फेराइटचा आटा फुटतो. नवशिक्या मेकॅनिकांनी फोडलेल्या अशा किती कॉइल मी बदलल्या त्याला गणती नाही.

आता तडतड. तुमच्या चार आवाजांतला मला काळजीचा वाटतो तो हाच.

चालू करताना काचेवरून एक हलकी ‘चर्रर्र’ येते, हाताचे केस उभे राहतात. ती स्थिर विजेची आणि ती प्रत्येक ट्यूबला असते. दोन सेकंदांत संपते. अर्धा मिनिट चालणारी तडतड वेगळी. १५ हजार व्होल्टला वाट हवी असते, आणि धूळ अधिक दमट हवा म्हणजे त्याच्यासाठी डांबरी रस्ता. ट्यूबच्या कुशीत जिथे रबराची टोपी बसते, त्या टोपीच्या भोवती बावीस वर्षांचं खारं कोकणी धूळ-दमटपण बसलंय. सेट तापतो तशी ती जागा सुकते आणि तडतड थांबते. तुमच्या अर्ध्या मिनिटाचा अर्थ मी असा लावतो. पावसाळ्यात आमच्या दुकानात असे सेट रांगेने यायचे, गणपती जवळ आले की विशेष. २००५च्या जुलैतल्या पुरानंतर तर दोन महिने दुसरं कामच नव्हतं, आणि तेव्हा पाणी आत न शिरलेले सेटसुद्धा नुसत्या दमट हवेने तडतडत होते.

ओळखायची रीत जुनीच आहे. खोलीत पूर्ण अंधार करायचा, झाकण बंद ठेवून जाळीतून लांबून बघायचं. टोपीभोवती किंवा लाइन ट्रान्सफॉर्मरपाशी निळी-जांभळी झळाळी दिसते. सतत ‘सस्स’ आणि फिकट झळाळी म्हणजे कोरोना, वीज हवेत झिरपते आहे. ‘तड’ आणि ठिणगी म्हणजे वीज उडी मारते आहे. नाकही उघडं ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात जो तिखट वास येतो, तो ओझोन. तो आला तर सेट लगेच बंद करा. मेकॅनिकने ट्यूब डिस्चार्ज करायची ती चेसिसला नव्हे, ट्यूबच्या पाठीवरच्या काळ्या लेपाला टेकलेल्या तारेला, आणि एकदा नव्हे, दोन-तीनदा, मध्ये थोडा वेळ सोडून. मग टोपी काढून काच आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं, टोपीच्या आत सिलिकॉन ग्रीस. रबर कडक होऊन चिरलं असेल तर टोपी नवी. काळा लेप मात्र खरवडायचा नाही, तो धूळ नाही, ट्यूबचाच भाग आहे.

इतकं करून ठिणगी एकाच जागी, लाइन ट्रान्सफॉर्मरच्या अंगातून येत असेल तर त्याचं आवरण भेगाळलंय. सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. त्यावर ॲराल्डाइट लावून देणारे पुष्कळ आहेत. मीही सुरुवातीला लावलं. महिना-दोन महिन्यांत वीज शेजारून नवी वाट काढते. ट्रान्सफॉर्मर बदलायचा, नाहीतर सेट बंद ठेवायचा, तिसरा मार्ग नाही.

तडतडीची एक नकली बहीण आहे, ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा चिरलेला टाका. तिच्यात ठिणगी दिसत नाही, पण स्पीकरमधून कडकड येते आणि त्याच वेळी चित्र लचकतं किंवा क्षणभर मिटतं. जड आणि तापणाऱ्या भागांच्या पायांशी, म्हणजे लाइन ट्रान्सफॉर्मर, मोठे रेझिस्टर, योकचं (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचं) सॉकेट यांच्याशी, टाक्याभोवती केसाएवढी गोल चीर पडते. भिंगाने दिसते. घरोघरी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायची पद्धत होती आणि थापेने तो सुधारायचाही, कारण चिरलेला टाका क्षणभर टेकायचा. थापेने सुधारतो हे निदान म्हणून उत्तम आहे. उपाय म्हणून फार वाईट, कारण दर थापेने चीर वाढते आणि ट्यूबच्या मानेत तापलेला फिलामेंट असतो. मेकॅनिकने सुक्या बांबूच्या काडीने एकेक भाग हळूच टोकरावा. जिथे टोकरल्यावर कडकड होते तिथला जुना टाका पूर्ण काढून नवा घालावा. नुसतं वरून शिसं ओतलं तर चीर आत तशीच राहते.

मुलीची शिट्टी. तिच्या कानाचं मला फार कौतुक वाटलं. आपल्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. लाइन ट्रान्सफॉर्मर त्याच वेगाने थरथरतो, त्याचा फेराइटचा गाभा आणि गुंडाळ्या १५,६२५ हर्ट्‌झला कंप पावतात. लहान मुलांना हा स्वर सहज ऐकू येतो, चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांना नाही. म्हणजे मुलीला ऐकू येणं आणि तुम्हाला न येणं, हे दोन्ही निरोगी लक्षण आहे. सेट नवा होता तेव्हाही शिट्टी होतीच, तेव्हा तुमच्या वडिलांनी तुम्हाला ‘कुठे वाजतंय?’ असं विचारलं असेल.

उलटं झालं तर मात्र सावध व्हा. ज्याला शिट्टी ऐकू येत नव्हती अशा वयस्क माणसाला ती अचानक ऐकू येऊ लागली, तर स्वर खाली घसरला आहे. चित्रही तिरप्या पट्ट्यांमध्ये फाटलेलं दिसेल. रेषांचा वेग ठरवणारा लाइन ऑसिलेटर हळू चालला की आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे या सेटमध्ये बहुधा बीयू २०५, प्रत्येक फेरीत जास्त वेळ उघडा राहतो, जास्त करंट ओढतो आणि परतीचा झटका मोठा होतो. पाच-दहा मिनिटांत तो मरतो. मला स्वतःला आता हा स्वर ऐकू येत नाही, म्हणून मी फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप ठेवलंय. १५.६ किलोहर्ट्‌झच्या आसपास बारीक सुळका दिसला की लाइन ठीक. ॲप नव्हतं तेव्हा आम्ही मीडियम वेव्हवर ट्रान्झिस्टर रेडिओ लावून टीव्हीजवळ धरायचो. लाइन चालू असली की रेडिओ किंचाळतो, मेलेली असली की गप्प.

शिट्टी नेमकी १५,६२५ ची असून सर्वांना त्रास होण्याइतकी मोठी असेल, तर गाभ्याची पकड सैल झालेली असते. ती कसताना दोन गोष्टी: फेराइट काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून हलक्या हाताने. आणि गाभ्याच्या दोन अर्ध्यांमध्ये एक कागदाएवढी पातळ चकती असते, ती कचरा समजून फेकू नका. त्या फटीवर सगळं गणित बसवलेलं असतं.

रंगीत सेट असलेल्यांसाठी दोन ओळी. चालू करताना ‘धुम्म’ असा दबका आवाज आणि चित्र हलणं, ही ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणारी डीगॉसिंग कॉइल, ती हवीच. सेट सुरू न होता आत टिक… टिक… टिक… एका लयीत वाजत राहिलं तर एसएमपीएस सुरू होण्याचा प्रयत्न करतोय आणि पुढचा शॉर्ट बघून माघार घेतोय. बहुतेकदा लाइन ट्रान्झिस्टर किंवा ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो. लाइनची शाखा सोडवून तिच्या जागी ६० वॅटचा बल्ब लावला आणि तो स्थिर पेटला, तर पुरवठा निर्दोष.

राहिली टक्‌-टक्‌. ती निव्वळ लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिक थंड होताना आकसण्याची. तापताना दहा मिनिटं, निवताना वीस मिनिटं, दोन टकांमधलं अंतर वाढत जातं आणि मग थांबते. शटरच्या सेटमध्ये जास्त, कारण शटरच्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात. हिला काही करायचं नाही. सत्तरच्या दशकातल्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये काच निवताना किण्‌-किण्‌ असा नाजूक आवाज येतो, तोही असाच.

बंद सेटमधून येणाऱ्या आवाजांबद्दल एक आठवण सांगतो. गुहागर रस्त्यावरच्या एका वाडीत आजीबाई म्हणत होत्या की टीव्ही बंद असताना रात्री चुकचुकतो, आणि तेही घरात काही बोलणं चाललं असताना नेमकं. घरच्यांनी सेट अंगणात नेऊन ठेवला होता. मी जाळीतून बॅटरी मारली, तर योकच्या मागे ऊबेला एक पाल अंडी घालून बसलेली. तेव्हा सगळे हसले, पण पाल ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पिक्चर ट्यूबच्या सॉकेटवर पाल चढून शॉर्ट झालेले सेट मी पाहिले आहेत. झुरळांची विष्ठा सर्किट बोर्डावर पडून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. कुंभारीण माशी जाळीत मातीचं घर बांधून हवा बंद करते. गावाकडून आणलेला सेट म्हणून सांगतो, प्लग लावण्याआधी मेकॅनिककडून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने आतून साफ करून घ्या. पाण्याचा हात नको.

स्पीकरचं थोडक्यात. व्हॉल्युमची मूठ फिरवताना खरखर होत असेल तर कंट्रोलची कार्बनची पट्टी मळली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा फिरवणं पुरे. खोबरेल तेल घालू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि मग धूळ चिकटून पक्कं बसतं. शब्द फाटून येत असतील तर कागदी कोनला कसर लागली आहे का बघा. ठरावीक स्वरालाच काहीतरी थरथरत असेल तर तो बहुधा स्पीकर नसतो. पुढची जाळी, नावाची धातूची पट्टी, मागचा सैल स्क्रू यांवर एकेक करून बोट टेकवा, ज्याला टेकल्यावर थांबेल तो.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज स्टॅबिलायझर वेगळा ठेवा, टीव्ही मात्र चालू करू नका. जुन्या सेटवर हात बसलेला मेकॅनिक शोधा. पुण्यात ते अजून आहेत, पण दुकानाच्या पाटीवर आता मोबाइल आणि एलईडी लिहिलेलं असतं, आत जाऊन विचारावं लागतं. त्याच्याकडून आधी सफाई आणि ईएचटीची टोपी, मग मुख्य फिल्टर आणि ऑडिओचे कपॅसिटर, मग लाइनचे टाके, याच क्रमाने. टोपी आधी, कारण तडतडीतून उडालेली एक ठिणगी नव्याने बसवलेल्या आयसीलाही मारू शकते. पहिल्यांदा सिरीज लॅम्पवर लावा, मग थेट. हूं गेला की उरलेली बर्र स्वच्छ ऐकू येईल, तेव्हा मॉड्युलेटरकडे वळा. आणि ते सगळं चालू असताना मुलीला शेजारी बसवा. शिट्टी आहे का, तशीच आहे का, की स्वर उतरला, हे त्या खोलीत फक्त तिलाच सांगता येईल.